नाडीपलीकडचं चित्र

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांना उद्या कुणी स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं, तर आत पाऊल टाकण्याआधी ते त्या दाराच्या कडीला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधतील आणि तिच्यावर वस्तूचं नाव, कुठून मिळाली आणि कोणत्या स्थितीत मिळाली हे स्वच्छ अक्षरात लिहून मगच आत जातील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चाचा मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. सौदी अरेबियात रास अल खैरला एका ठेकेदार कंपनीच्या गोदामाचे ते स्टोअरकीपर होते. व्हॉल्व्ह, गॅस्केट, नटबोल्ट आणि केबलची रिळं यांच्या राज्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं आणि बिनचिठ्ठीची वस्तू म्हणजे बेवारस वस्तू हा नियम त्यांच्या हाडात मुरला. जुबैलमधल्या त्यांच्या दोन खोल्यांतसुद्धा मिठाच्या बरणीला ‘मीठ’ अशी चिठ्ठी होती, घड्याळाला ‘घड्याळ, पाच मिनिटं पुढे’ अशी होती. चाचींनी एकदा वैतागून त्यांच्याच सदऱ्याच्या मागच्या बाजूला ‘नवरा, जुना, चालू स्थितीत’ अशी चिठ्ठी टाचली. चाचा ती घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसले, दिवसभर गोदामात वावरले आणि संध्याकाळी परत आले. ती सापडली तेव्हा रागावणं दूरच, ते म्हणाले, “वर्णन बरोबर आहे. फक्त तारीख घातली नाहीस.”

पण त्यांचा खरा छंद वेगळाच होता. चाचा-चाची संग्राहक होते. नाणी किंवा तिकिटं जमवणारी माणसं मी ऐकली होती. ही दोघं, हा देश कायमचा सोडून जाणाऱ्या माणसांनी मागे टाकलेल्या वस्तू जमवत. आखातात याला नुसतं ‘एक्झिट’ म्हणतात. अमक्याची एक्झिट लागली, तमका एक्झिटवर गेला. एक्झिट लागलेला माणूस शेवटच्या आठवड्यात पलंग विकतो, गाद्या वाटतो आणि उरलेलं कचराकुंडीशेजारी ठेवून विमानात बसतो. चाचा त्या उरलेल्यातून एक, फक्त एक वस्तू उचलत. शिट्टी हरवलेला कुकर, एक तार तुटलेली फिलिपिनो गिटार, केरळच्या माणसाची पुट्टू उकडायची नळी, लाहोरच्या शिंप्याची कात्री, कुणाच्या तरी पोराची एका पायाची चप्पल. प्रत्येकीवर चिठ्ठी: कोण, कुठल्या गावचा, काय करत होता. अर्धी खोली या वस्तूंनी भरली होती आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत चाची स्वयंपाक करत. मी एकदा विचारलं, “चाचा, या सगळ्याचा उपयोग काय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे शाळेतले गुरुजी पाढा चुकल्यावर पाहत. म्हणाले, “इंजिनिअर, माणूस गेला की दुसऱ्या दिवशी खोलीला रंग मारतात आणि तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस येतो. तो इथे होता, याची पोचपावती कुणाकडे तरी नको?”

मी जुबैलला आलो तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, एक पदवी आणि पुष्कळशी भीती होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील मंगळवेढ्याच्या बाजारात पोती उचलायचे. मी पास झाल्यावर त्यांनी माझं प्रमाणपत्र परस्पर झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलं होतं आणि ते मी इथेही उशाला ठेवलं होतं. पहिल्याच शुक्रवारी दार वाजलं. दारात पांढऱ्या दाढीचा, लुंगी नेसलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस उभा. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, “गाव?” मी गाव सांगितलं. “काम?” काम सांगितलं. “जेवलास?” मी नाही म्हटलं. तेव्हा तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, “अगो, एक नग वाढव! देशावरचा आहे, तिखट चालेल!” त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातली कोलंबी खाताना मला रडू आलं आणि चाचींनी ते कालवणाच्या तिखटावर ढकलून माझी लाज राखली. कोलंबी कशी सोलायची हेही मला माहीत नव्हतं, तेही त्यांनीच दाखवलं.

त्याच घरात मी वांगसाहेबांना पाहिलं. रास अल खैरच्या वीजकेंद्राच्या कामावर जी चिनी कंपनी होती, तिथले ते वयस्क सर्वेक्षक होते. व्हॉल्व्ह मागायला ते चाचांच्या गोदामात येत आणि चाचा चिठ्ठी लिहीत तोवर सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने काहीतरी काढत बसत. चाचांना चिनी येत नव्हतं, वांगसाहेबांना चिनीखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे दोघांचा कधी वाद झाला नाही. एका शुक्रवारी चाचांनी त्यांना जेवायला आणलं. चाचींनी आधी कपाळाला हात लावला. पण वांगसाहेबांनी तळलेला मासा पुढ्यात घेऊन त्याचा काटा असा अखंड बाजूला काढून ठेवला, की चाचींनी तो काटा उचलून उजेडात धरला आणि निकाल दिला, “हा आपल्यातलाच. वरनं फक्त चिनी.” त्या दिवसापासून चाची त्यांच्याशी चक्क मराठीत बोलू लागल्या. आपलं घर टेकाडावर कसं आहे, समोर खाडी कशी, माड किती उंच, विहीर कुठल्या अंगाला, हे सगळं हातवाऱ्यांनी. वांगसाहेब मान डोलवत आणि जेवणाच्या कागदी रुमालावर रेघा ओढत. मला वाटे, हा माणूस नुसता शिष्टाचार म्हणून ऐकतो आहे. चाचींना मात्र खात्री होती. “त्याला सगळं समजतं,” त्या म्हणत. “तुम्हा दोघांपेक्षा जास्त.”

काम संपलं आणि वांगसाहेबांची एक्झिट लागली. निघण्याआधीच्या शुक्रवारी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी तिथेच होतो. चाचांनी नेहमीच्या सवयीने चिठ्ठी आणि सुतळी तयार ठेवली होती. त्यांना वाटलं, पट्टी किंवा पाण्याची बाटली मिळेल. वांगसाहेबांनी रेशमी कापडातून कोपरभर लांबीची एक जाडजूड कागदी गुंडाळी काढली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि कमरेत वाकून ती चाचा-चाचींपुढे केली. मग फोनमधल्या दुभाष्या बाईकडून हिंदीत वदवलं: आमच्या देशात चित्रकार आपलं चित्र संग्राहकांना भेट देतो. तुम्ही माझ्या ओळखीचे सगळ्यात मोठे संग्राहक आहात. चाचींनी घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. चाचा, ज्यांना आजवर कुणी ‘भंगारवाला’ याखेरीज काही म्हटलं नव्हतं, ते उठून उभेच राहिले.

मग ती फोनमधली बाई नियम सांगू लागली आणि चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. हे चित्र भिंतीवर टांगायचं नाही. एकदम सगळं उघडायचं नाही. कोरड्या मेजावर ठेवायचं, उजवीकडून सुरू करायचं, डाव्या हाताने हातभर उलगडायचं, जवळच्या माणसाबरोबर बसून तेवढंच बघायचं. पुढे जायचं तर मागचं गुंडाळत जायचं. शेवटी कोरा कागद जोडला आहे, तिथे बघणाऱ्यांनी मनात आलेलं लिहायचं. आणि संग्राहकाने सुरुवातीला आपला शिक्का उमटवायचा. शेवटच्या नियमाशी चाचा अडखळले. त्यांच्याकडे शिक्का होता, पण तो गोदामाचा. इंग्रजीत ‘माल मिळाला, तपासणी बाकी’ असं लिहिलेला. त्यांनी तो माझ्याकडे पाहत हळूच पिशवीतून काढला. मी नको नको अशी मान हलवत होतो, पण वांगसाहेबांनी बोट ठेवून जागा दाखवली, चाचांनी शिक्क्यावर फुंकर घातली आणि त्या नाजूक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत ‘माल मिळाला, तपासणी बाकी’ असं ठसठशीत उमटलं. वांगसाहेबांना अक्षर कळलं नाही. ते इतके खूश झाले, की त्यांनी शिक्क्यालाही नमस्कार केला.

यंत्राबरोबर येणाऱ्या सूचनापुस्तिकेवर चाचांची जी श्रद्धा, तीच त्यांनी या नियमांवर बसवली. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं, की बुटकं लाकडी मेज कोरड्या फडक्याने पुसलं जाई, चहाचे कप जमिनीवर उतरत, आणि नवराबायको शेजारी बसून हातभर चित्र बघत. फक्त हातभर. मग पुढच्या शुक्रवारपर्यंत बंद. मी कधी मधेच गेलो तर चाची दारातूनच म्हणत, “थांब रे बाबा, आमचं चित्र चाललंय,” जसं काही टीव्हीवर मालिका चालू आहे. आठवडाभर दोघांचं त्या हातभर जागेवरून भांडण चाले. दगडामागे दिसतो तो उंट की टाकी? खांबावर बसलेला कावळा की नुसता शाईचा ठिपका? एकदा या ठिपक्यावरून चाची दोन दिवस बोलल्या नाहीत.

असे दोन-अडीच महिने गेले आणि एका सकाळी चाची जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, आता जिना विसरा. मुलगी मुंब्र्याहून त्यांना गावी न्यायला आली. निघताना चाचींनी पलंगावर पडल्या पडल्या ती गुंडाळी मागवली. चित्र बरोबर मध्यावर आलं होतं. त्यांनी चाचांच्या पायजम्याच्या नाडीचा तुकडा मागितला, पुढच्या न पाहिलेल्या भागाच्या सुरळीभोवती तो गुंडाळला, स्वतःच्या हाताने गाठ मारली आणि बजावलं, “माझ्याशिवाय याच्यापुढे जायचं नाही. मी येईपर्यंत ही गाठ अशीच राहील.” चाचा म्हणाले, “राहील.” आणि त्यांच्याबद्दल एवढं सांगितलं की पुरे, की ती तशीच राहिली. चार वर्षं.

त्या चार वर्षांतले शुक्रवार मी चाचांबरोबर काढले. माझी बायको आणि मुलगी मंगळवेढ्याला, चाची कोकणात. आमच्या दोघांच्याही घरात एसीच्या घरघरीखेरीज कुणी बोलणारं नव्हतं. शुक्रवारची दुपार जुबैलमध्ये फार लांब असते. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर फक्त ऊन आणि वाळूची बारीक पावडर, आणि खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीत आपल्यासारखाच एक माणूस खिडकीतून पाहत असतो. अशा वेळी वरून मेजाचा पाय खरडल्याचा आवाज आला, की मी समजायचो, चाचांनी मेज पुसायला घेतलं. पहिल्यांदा त्यांनी मला चित्राशी बसवलं, तेव्हा मी आपला शाळेतल्या शिस्तीप्रमाणे डाव्या टोकाला हात घातला. चाचांनी माझ्या हातावर पेन्सिल मारली. “उजवीकडून! तुमची शाळा डावीकडून चालते, आमचा मदरसा उजवीकडून. चिनी लोक आमच्या बाजूचे निघाले.” दुसऱ्या खेपेला मी कळकळीने सुचवलं, की चाचा, इतकी मोलाची वस्तू आहे, आपण ती लॅमिनेट करून घेऊ. त्यावर त्यांनी आधी गुंडाळी माझ्यापासून लांब सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, “मग गुंडाळणार कशी, मेल्या? दारासारखी उभी करू?”

चित्र मात्र खरंच अजब होतं. जुबैलहून रास अल खैरला जाणारा आमचाच रस्ता होता तो, पण एखाद्या जुन्या डोंगरातून चालल्यासारखा. वाळूच्या टेकड्यांना शाईच्या ओल्या सावल्या, विजेचे मनोरे धुक्यात उभे असलेल्या झाडांसारखे, चिमण्यांचा धूर ढगांत मिसळलेला. रस्त्यावर कंपनीची नखाएवढी बस. तिच्या खिडकीत एक पांढरा ठिपका, तो म्हणजे आपली दाढी, असं चाचांचं ठाम मत होतं. शेवटी गोदाम येई, त्याच्या दारात ढिगारे, आणि त्याच्या पुढे चाचींची गाठ. तिथवर पोचलो की चाचा दोन बोटांनी ती गाठ चाचपत, म्हणत, “आहे,” आणि परत गुंडाळायला लागत. जगात आपल्या ताब्यातल्या मालाची अर्धी तपासणी बाकी ठेवून झोपू शकणारा हा एकच स्टोअरकीपर असेल.

मी एकदा न राहवून विचारलं, “चाचा, दरवर्षी सुट्टीवर जाता. चित्र गावाला का नेत नाही? तिथेच दोघं मिळून बघा.” चाचा गुंडाळी रेशमात बांधत होते. “कोकणात हवा दमट,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “विमानात चेपेल.” माझा चहा संपला. तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ती फोनवर रोज सांगते, जरा पाय सुधारला की येते. मी चित्र तिकडे नेलं, म्हणजे ती काय समजेल?” इतकं शिकून मला एवढं कळायला हवं होतं.

आणि मग चाचांचीच एक्झिट लागली. वय झालं होतं, प्रकल्प आटोपला होता, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत वाढणार नव्हती. कफीलच्या, म्हणजे परवान्याला जामीन राहणाऱ्या मालकाच्या, ऑफिसातून येऊन त्यांनी मला जिन्यातूनच सांगितलं, “खलास, इंजिनिअर. आता माझी चिठ्ठी.” पुढचे काही आठवडे त्यांनी संग्रह वाटण्यात घालवले. जुबैलमध्ये नवीन येणारा कुणीही दिसला, की चाचा त्याला गाठून शिंप्याची कात्री किंवा पुट्टूची नळी हातात देत. “हे अमक्याचं होतं. वापर. जाताना पुढच्याला दे. चिठ्ठी काढायची नाही.” एका पंजाबी वेल्डरला एका पायाची चप्पल मिळाली. तो बिचारा ती हातात धरून कितीतरी वेळ दुसऱ्या पायाची वाट पाहत उभा होता. मला त्यांनी ते बुटकं लाकडी मेज दिलं.

मी माझी वार्षिक सुट्टी त्यांच्याच विमानाला जोडून घेतली, कारण चित्र कसं न्यायचं या काळजीने चाचांनी जेवण सोडलं होतं. दम्मामच्या विमानतळावर ते भेटले तेव्हा काखेत चार बोटं जाडीचा, दोन्ही तोंडांना बुचं बसवलेला, राखाडी प्लास्टिकचा पाइप होता. मी हतबुद्ध झालो. “चाचा, विमानतळावर कुणी पाइप आणतं?” “दमट हवा लागत नाही, चेपत नाही,” चाचा अभिमानाने म्हणाले. “आयुष्यभर माल पॅक केलाय मी.” पाइपावर चिठ्ठी होतीच: ‘चित्र. अर्धं पाहिलेलं.’

व्हायचं तेच झालं. हातातल्या सामानाच्या तपासणीत यंत्राचा पट्टा थांबला आणि एका तरुण सौदी अधिकाऱ्याने पाइप उचलून विचारलं, हे काय? चाचांचं अरबी म्हणजे गोदामातलं अरबी, पण आवाज खणखणीत. “सूरा! हदिया!” चित्र आहे, भेट आहे. अधिकाऱ्याने बुचं काढली, रेशीम सोडलं, गुंडाळी टेबलावर ठेवली. मला धास्ती, की आता हा डावीकडून ओढणार. पण त्यानेही मदरशाच्या बाजूने, उजवीकडूनच उघडली. पहिलाच दिसला तो जांभळा शिक्का. त्याने तो वाचला, भुवया उंचावल्या, चाचांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, “तपासणी बाकी? ठीक. करतो.”

तो उलगडत गेला. टेकड्या आल्या, मनोरे आले, आणि एकाएकी त्याचा चेहरा बदलला. हा रास अल खैरचा रस्ता! त्याचा भाऊ तिथेच कामाला होता. त्याने शेजारच्या साथीदाराला हाक मारली, दोघं वाकून बस बघू लागले. आमच्यामागे रांग वाढत होती, एक बाई मल्याळीत देवाचं नाव घेत होती. आणि मग गोदाम आलं, आणि गाठ. अधिकाऱ्याने नाडीवर बोट ठेवलं. उघडा. चाचांनी हात मागे घेतले. मी त्यांना आजवर कुणाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं, त्यातून गणवेशातल्या माणसाला. “ला,” ते म्हणाले. “अना माफी शूफ.” मी बघणार नाही. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. न उघडता येणारी वस्तू विमानात जात नाही, त्याने शांतपणे सांगितलं. नाहीतर ती इथेच राहील. चाचांनी एकदा गुंडाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आपल्या अरबीतले असतील नसतील तेवढे शब्द त्यांनी गोळा केले. “मदाम फी हिंद. अना, मदाम... सवा-सवा शूफ.” बायको हिंदुस्थानात आहे. मी आणि ती बरोबरच बघणार. “इंता शूफ. अना ला.” तू बघ. मी नाही.

असं म्हणून चाचांनी त्या टेबलाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि वर दोन्ही हातांनी डोळेही झाकून घेतले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा तो म्हातारा तिथे उभा राहिला.

अधिकारी जरा थबकला. मग त्याने नखाने हळूहळू ती गाठ सोडवली. मला वाटतं, कातरली नाही हे त्याचे उपकार. आणि उरलेलं अर्धं चित्र उलगडलं. चाचा-चाचींनी ज्याच्यासाठी चार वर्षं डोळे मिटून काढली, ते चित्र असं दोन अनोळखी अधिकाऱ्यांनी आणि मी, दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात, उभ्या उभ्या बघितलं. काय होतं ते मी सांगणार आहे, पण वाचकांनी कृपा करून ते दाभोळकडे पोचवू नये. गोदामाच्या पुढे रस्ता संपत होता आणि समुद्र लागत होता. नुसता समुद्र. हातांमागून हात पाणी, मधे कुठे एखादी रेघ. मग एक होडी. होडीत एक माणूस, त्याच्यामागे सामानाचा डोंगर आणि त्या डोंगरावर वाऱ्याने फडफडणाऱ्या मुंगीएवढ्या असंख्य चिठ्ठ्या. आणि पाण्याच्या पलीकडे टेकाड. टेकाडावरचे माड वांगसाहेबांनी जन्मात पाहिलेले नव्हते, ते खाली माड आणि वर बांबू असे झाले होते. कौलारू घराचे कोपरे चिनी देवळासारखे वर वळले होते. पण विहीर अगदी चाचींनी हाताने दाखवली होती त्याच अंगाला होती. आणि ओट्यावर एक बाई, डोक्यावर पदर, कपाळाला आडवा हात लावून समुद्राकडे बघत असलेली. त्याच्यापुढे कोरा कागद.

एकदा भिंतीशी उभ्या पाठमोऱ्या चाचांकडे पाहून अधिकाऱ्याने स्वतःच, फार काळजीने, सगळं परत गुंडाळलं आणि नाडी माझ्या हातात दिली. मी गाठ मारली. चाचांनी खांद्यावरून विचारलं, “झालं?” “झालं, चाचा.” त्यांनी वळून गाठ पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. “ही तिची गाठ नाही. ती ओळखणार.” विमानात बसल्यावर ते माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, परत मिटलं. मुंबई येईपर्यंत असं चार-पाचदा झालं. उतरताना पट्टा सोडता सोडता एवढंच म्हणाले, “सांगू नकोस.”

मी सुट्टी संपवून जुबैलला परतलो. वरच्या खोलीला रंग लागला होता आणि तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला. चांगला आहे बिचारा. पण मेज नसल्यामुळे वरून काही खरडल्याचा आवाज येत नाही. चाचांचा फोन मधूनमधून येतो, शुक्रवारीच. पहिल्या फोनवर चाचीच होत्या. “काय रे, गाठ कोणाची? देशावरच्या पोत्याची दिसते.” मागून चाचांचा आवाज आला, “सांगितलं ना, सरकारने सोडली!” “सरकारने सोडली तर सरकारने बांधायची,” चाची म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचं हसू ऐकू आलं. पाय आता सुधारणार नाही, हे त्या आपण होऊन म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं, चित्रच आलं.”

परवाच्या शुक्रवारी चाचा फोनवर जरा कुरकुरत होते. “इंजिनिअर, हा वांगसाहेब समुद्र जरा जास्तच देतो. गेले कित्येक शुक्रवार नुसतं पाणी चाललंय. ही म्हणते पलीकडे काहीतरी आहे, मी म्हणतो काही नाही, कागद उरला म्हणून पाणी काढलंय. दोन दिवस बोलत नाहीये.” मी म्हटलं, “चाचा, मग जरा भराभर उघडा की. हातभरऐवजी दोन हात.” पलीकडे कुठेतरी कोंबडं ओरडत होतं. मग चाचा आवाज खाली आणून म्हणाले, “अरे, हातभर कसलं. आम्ही आता वीतभरच उघडतो. आणखी किती राहिलंय कुणाला ठाऊक, संपलं तर?” आणि लगेच घाईघाईने, “तुला ठाऊक आहे ना? सांगू नकोस हां.”

मी सांगितलं नाही. होडी जवळ आली आहे, एवढं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. फोन ठेवला आणि बुटकं मेज कोरड्या फडक्याने पुसून घेतलं. त्याच्या पायाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी अजून आहे; तिच्यावर चाचांनी स्वतःचं नाव, गाव आणि काम लिहिलंय. मेजावर ठेवायला माझ्याकडे काहीच नाही. पण ओलं काही त्याच्यावर ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणून चहाचा कप मी नेहमीसारखा खाली जमिनीवर ठेवला आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून उजव्या बाजूला सरकून बसलो.